घरच्या डब्यांचं ॲप: ‘नाही’ म्हणायचं बटण कोणीच दाबत नाही

मोरेवाडीची

नमस्कार मंडळी. ज्यांनी कधी डबे दिलेत, घेतलेत किंवा मेस चालवली आहे त्यांच्याकडून मला शिकायचं आहे. पोस्ट लांबली आहे, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

मी अंबाजोगाईची. सात वर्षं पुण्यात ॲप बनवायचं काम केलं. बाबांच्या आजारपणात दोन वर्षांपूर्वी घरी आले, ती इथलीच झाले. आमच्या गावात बाहेर जेवणारे लोक भरपूर आहेत. मेडिकल कॉलेजची मुलं-मुली, दवाखान्यात पेशंटजवळ बसलेले केज-धारूर-परळीकडचे नातेवाईक, बदलीवर आलेले बँकेतले नि तहसीलमधले एकटे लोक. शिवाय योगेश्वरी देवीला कुळाचार करायला थेट कोकणातून येणारी कुटुंबं असतात, मार्गशीर्षातल्या उत्सवात तर विचारायलाच नको. ही सगळी मंडळी स्टँडकडच्या हॉटेलांतली तेल तरंगणारी शेवभाजी खाऊन दिवस काढतात. आणि तिथून चार गल्ल्या पलीकडे माझी आत्या येसराची आमटी करते, ती वाटी पुसून खाल्ल्याशिवाय कोणी उठत नाही. तिच्या शेजारच्या काकूंचे धपाटे तिसऱ्या दिवशीही मऊ असतात. या दोन्ही बाजूंची गाठ पडत नाही, म्हणून हा खटाटोप.

पहिलं ॲप मी मोठ्या शहरातल्यासारखंच केलं. जेवणाऱ्याने पदार्थ बघायचा, ऑर्डर टाकायची, काकूंच्या फोनवर घंटा वाजणार आणि खाली दोन बटणं येणार, हिरवं ‘घेते’ आणि लाल ‘नाही’. तीन घरं आणि चौदा जेवणारे धरून अकरा दिवस चालवून पाहिलं.

चौथ्या दिवशी दुपारी पाऊण वाजता आत्याच्या फोनवर चार ताटांची ऑर्डर आली. मी तिच्या स्वयंपाकघरातच पाटावर बसले होते. सकाळचा स्वयंपाक आटोपला होता, ओटा धुतला होता, परात पालथी घातलेली होती. फोन कणकेच्या डब्याला टेकवून ठेवलेला. पीठ लागलेल्या बोटाने स्क्रीन चालत नाही म्हणून ती बोटाच्या पेराने दाबते, हेही मला त्याच दिवशी कळलं. तिने पदराला हात पुसले, लाल बटणापर्यंत बोट नेलं, मागे घेतलं आणि हिरवं दाबलं. मग परात सरळ केली.

मी म्हटलं, ‘आत्या, नाही म्हण ना. त्यासाठीच तर बटण दिलंय.’

म्हणाली, ‘जेवायच्या वेळेला दारात आलेल्याला नाही म्हणू? तूच दाब ते.’

त्या दिवशी ती स्वतः साडेतीनला जेवली. अकरा दिवसांत तिन्ही घरांत मिळून 96 ऑर्डरी आल्या आणि लाल बटण एकदाही दाबलं गेलं नाही. मला ते आकडे बघून आधी आनंद झाला होता. आता लाज वाटते. मी त्या बायकांना थकवायचं यंत्र बनवलं होतं.

तर पहिला प्रश्न हा, की त्या बटणाच्या जागी काय ठेवू?

दुसरा ताऱ्यांचा. बँकेतल्या एका मुलाने काकूंच्या आमटीला तीन तारे दिले आणि खाली लिहिलं, ‘मीठ कमी’. शेरा रास्त होता. पण काकूंच्या मुलीने तो वाचून दाखवला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, ‘हे सगळ्या गावाने वाचलं का?’ आणि दुसऱ्या दिवशी ॲप बंद ठेवलं.

तिसरा लिहायला जड जातोय. चौदांपैकी पाच जणांनी घास तोंडात घालायच्या आधी मला फोन करून विचारलं, ‘त्या ताई कोणाच्या?’ या प्रश्नाचा अर्थ आपल्या सगळ्यांना कळतो. तिसऱ्या घरातल्या ताई मटणाचा रस्सा असा करतात, की आमच्या घरी त्याची आठवण काढली जाते. ॲपवर त्यांचं पूर्ण नाव होतं. अकरा दिवसांत त्यांना फक्त सात ऑर्डरी आल्या. आडनाव काढून टाकू का? काढलं तर विचारणाऱ्यांचंच खरं केलं असं होईल, नाही काढलं तर त्यांची चूल थंड राहील. मला सुचत नाहीये.

बार्शीची डबेवाली

लेकी, तुझी आत्या जे वागली तेच मी वागले असते. सोळा वर्षं झाली मला डबे देऊन. तीन डब्यांवर सुरू केलं होतं, आज बेचाळीस आहेत.

तू सुरुवात जेवणाऱ्याच्या भुकेपासून केलीस, तिथे चुकलं. घरच्या चुलीवर दुपारचं जेवण आदल्या रात्री ठरतं. रात्री नऊला मला एकच आकडा लागतो, उद्या किती. मटकी किती भिजत घालायची, दूध किती विरजायचं, सकाळी मंडईतून मेथीच्या जुड्या सहा आणायच्या की दहा, हे सगळं त्या आकड्यावर असतं. माझ्या हाताने किलोभर कणकेच्या 32 पोळ्या होतात. डब्यात चार पोळ्या. आकडा कळला की मी डोळे मिटून पीठ काढते. हॉटेलवाल्याचा खवा, ग्रेव्ही, चिरलेला कांदा तयार पडलेला असतो, त्याला पाऊण वाजता चार ताटं म्हणजे काहीच नाही. आपल्याकडे फ्रीजमध्ये उद्याची कोथिंबीर असते फक्त.

आणि ताटं मोजू नकोस, भाकरी मोज. हे नीट ऐक. ज्वारीचं पीठ कणकेसारखं एकदम मळून ठेवता येत नाही. ठेवलं की उंडा (पिठाचा गोळा) सैल पडतो आणि थापताना कडा फाटतात. जुनं पीठ असेल तर विरीच (चिकटपणाच) नसते, मग उकळतं पाणी घालून उकड काढावी लागते. एकेक उंडा मळायचा, परातीत थापायचा, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, उलटायची, मग जाळावर फुगवायची. एका तव्यावर तासाला वीस, फार तर बावीस. दुसरा तवा ठेवला तरी थापणारे हात दोनच असतात ना. चाळीस भाकरी म्हणजे माझे दोन तास उभ्याने गेले. पोळीचे वीस डबे मी हसत वाढवीन, भाकरीचे पाचसुद्धा वाढवणार नाही. तुझ्या ॲपमध्ये दोन्ही ‘एक थाळी’ म्हणून दिसत असतील तर ते बाईला मारणार.

म्हणून तू तिला रात्री विचार, ‘उद्या भाकरी किती, पोळ्या किती?’ तिने आकडा सांगितला की तेवढेच डबे लोकांना दिसू देत. संपले की आपोआप पाटी लागू दे, ‘आजचं झालं’. म्हणजे तिला कोणाला नाही म्हणावं लागत नाही. तिचं तोंड का वाईट करतेस?

खाड्याचं, म्हणजे ज्या दिवशी डबा नको त्या दिवसाचं, काय केलंस ते तू लिहिलंच नाहीस. मेस चालवणाऱ्याची सगळ्यात जास्त भांडणं खाड्यावरून होतात. माझा नियम असा, की आदल्या रात्री नऊच्या आत सांगितलं तर खाडा धरणार, त्यानंतर सांगितलं तर डबा झालाच समजा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारते. महिनाअखेर पोरं म्हणतात पाच खाडे, माझ्या फुल्या तीन. तुझ्या ॲपने दुसरं काही नाही केलं आणि माझ्या नि त्या पोराच्या फोनवर एकच फुली दाखवली, तरी मी ते उद्या घेईन.

उपास विसरू नकोस. चतुर्थीला माझे बेचाळीसचे सत्तावीस होतात, त्यातले काही म्हणतात रात्री चंद्र उगवल्यावर द्या. एकादशीला साबुदाणा आणि भगर वेगळी. श्रावणात तर गणितच बदलतं. ॲपला पंचांग शिकव. आणि आमच्याकडे नळाला पाणी यायचे दिवस ठरलेले असतात, तुमच्याकडेही तेच असणार. पाणी यायच्या आदल्या दिवशी मी भाजी एकच करते, भांडी कमी पडावीत म्हणून. ते तिला आधी सांगून ठेवता येऊ दे.

अजून एक, रिकामा डबा. दर माणशी दोन लागतात. भरलेला जातो, कालचा येतो. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझे नऊ डबे पोरांबरोबर त्यांच्या गावी गेले, त्यातले चार आले. चार कप्प्यांचा चांगला स्टीलचा डबा काय भावाने येतो ते बघ. ऑर्डर कुठे पोचली ते तू दाखवतेस, डबा कुठे आहे ते पण दाखव.

तारे काढून टाक. माझी पोरं झाकणाखाली चिठ्ठी ठेवतात, ‘काकू, तिखट झालंय’. मी वाचते, दुसऱ्या दिवशी हात आवरते. बाकी कोणाला कळायचं कारण काय?

तिसऱ्या प्रश्नाचं मी तुला काय सांगू? त्या ताईंना तू विचारलंस का?

रात्रपाळीची सिस्टर

मी एका सरकारी रुग्णालयात आहे, अंबाजोगाईत नाही. वरच्या काकूंचं सगळं पटलं, पण पेशंटच्या नातेवाइकांना आदल्या रात्री नऊचा नियम लावता येणार नाही. त्यांना सकाळी साडेदहाला कळतं की आज पेशंटला सुट्टी नाही, अजून चार दिवस. कोण कुठल्या वॉर्डात हलेल तेही माहीत नसतं. महिन्याचे पैसे आधी भरणं त्यांना शक्य नाही. एका वेळचा डबा, रोख किंवा स्कॅन करून, एवढंच त्यांना झेपतं.

माझ्या मते प्रत्येक घराने रोज दोन डबे ‘वरचे’ धरावेत. ठरलेल्या गिऱ्हाइकांपेक्षा दोन जास्त, साधेच, मऊ भात, मुगाचं वरण, एक बिनतिखट भाजी. ते सकाळी अकरापर्यंत कोणीही घ्यावेत. उरले तर घरात खपतात. आणि पत्त्याच्या जागी वॉर्ड, खाट आणि फोन नंबर घ्या. ‘घर क्रमांक, रस्ता, पिनकोड’ विचारलं की ती माणसं तिथेच थांबतात. मी बाहेर पायऱ्यांवर त्यांच्या फोनवर फॉर्म भरून दिले आहेत, म्हणून सांगते.

लातूरचा करसल्लागार

उत्साहावर पाणी टाकायचं नाही, पण या तीन गोष्टी आत्ताच बघा, नंतर महागात पडतात.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम 2006 घरगुती डब्यालाही लागू आहे. लहान व्यावसायिकाला परवाना नको, पण नोंदणी हवी. माझ्या एका पक्षकार बाईंची मी 2022 मध्ये केली, तेव्हा वर्षाला 12 लाखांच्या आतल्या उलाढालीला वर्षाचे 100 रुपये होते. फोटो, ओळखपत्र आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवरचा अर्ज, एवढ्यात काम झालं. 14 अंकी क्रमांक मिळतो, तो बिलावर छापायचा. तुमच्या तिन्ही घरांचे अर्ज तुम्हीच बसून भरून द्या, त्यांना सायबर कॅफेत पाठवू नका. ॲप म्हणून अन्न विकायला बसलात तर तुमचा परवाना वेगळा, तो केंद्रीय लागतो.

दुसरं जीएसटी. 1 जानेवारी 2022 पासून ॲपवरून जाणाऱ्या रेस्टॉरंट सेवेचा 5 टक्के कर जीएसटी कायद्याच्या कलम 9(5) खाली ॲप चालवणाऱ्यानेच भरायचा आहे. स्वयंपाक करणाऱ्या बाईची नोंदणी नसली तरी. आणि तुम्हाला उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी घ्यावी लागते. 70 रुपयांच्या डब्यावर साडेतीन रुपये, ते कोणाच्या ताटातून जाणार हे आधी ठरवा. पैसे थेट बाईंच्या खात्यात गेले आणि तुम्ही फक्त हिशेबाच्या वहीसारखं ॲप वापरायचं भाडं घेतलंत तर काय, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारणारच. तेवढ्याने सुटका होतेच असं धरून चालू नका, लेखी सल्ला घ्या.

तिसरं गॅस. घरगुती 14.2 किलोचं लाल सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. 19 किलोचं व्यावसायिक घ्यावं लागतं. त्याचा खर्च डब्याच्या भावात धरलेला नसतो, आणि म्हणूनच बऱ्याच बायकांना वर्षाअखेर हातात काही उरलं नाही असं वाटतं. भाव ठरवायच्या पानावर गॅसची एक ओळ ठेवाच.

ठाण्यातला उदगीरकर

मुंबईचे डबेवाले 1890 पासून हे काम करताहेत. त्यांच्या डब्याच्या झाकणावर नीट बघितलंत कधी? रंगाने काढलेली थोडी अक्षरं आणि आकडे असतात. कुठल्या स्टेशनचा, कुठे उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला. पत्ता नाही, आडनाव नाही. चार हातांतून डबा जातो आणि मधल्या कोणालाच तो कोणाच्या घरचा हे माहीत असावं लागत नाही.

डबेवाल्या काकूंच्या हरवलेल्या डब्यांना हाच उपाय. प्रत्येक घराचा एक रंग, प्रत्येक जेवणाऱ्याचा एक आकडा, ऑइलपेंटने झाकणावर. लिहिता-वाचता न येणाऱ्या पोऱ्यालाही कळतं. ॲपमध्ये तोच रंग नि तोच आकडा.

आडनावाबद्दलही माझं मत हेच, खूण द्या, नाव नको. शोधायची सोयच ठेवली नाही की शोधणारा दमेल.

बार्शीची डबेवाली

उदगीरकर दादा, डब्याला खूण ठीक आहे. बाईला नको. माझ्या डब्याला सोळा वर्षांनी माझं नाव मिळालंय. आमच्या गल्लीत आधी मला ‘अमक्याची बायको’ म्हणत, आता माझ्या नवऱ्याला ‘डबेवाल्या ताईंचे मिस्टर’ म्हणतात. ते नाव एखाद्या बाईकडून काढून घ्यायचं तर निदान तिला विचारून तरी.

मोरेवाडीची

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण काहीतरी करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

काकू, तुम्ही विचारलंत तेव्हा अंगावर काटा आला. मी खरंच त्यांना विचारलं नव्हतं. त्यांच्याबद्दल त्यांच्या माघारी ठरवत बसले होते. दुसऱ्या दिवशी गेले. त्या मसाला भाजत होत्या, खोबऱ्याचा वास अंगणापर्यंत येत होता. मी अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी कढई उतरवली आणि म्हणाल्या, ‘माझं नाव पूर्ण लिही. अक्षर मोठं कर. ज्याला नको त्याने घेऊ नये. ज्याने घेतला त्याला कुणाच्या हातचा खाल्ला ते कळलं पाहिजे.’

आता नाव कसं लिहायचं ते ज्या-त्या घराने स्वतः ठरवायचं. नावावरून शोधता येत नाही, नावाप्रमाणे यादी लागत नाही. ज्यांच्याकडे डबे शिल्लक आहेत ते वर येतात, बस. शाकाहारी-मांसाहारी आणि भांडी वेगळी आहेत का, एवढंच विचारलेलं आहे, कारण तो आडनावाचा प्रश्न नाही, पथ्याचा आहे. मला अजूनही फोन येतात, ‘त्या कोणाच्या?’ मी सांगते, ‘मंडी बाजारामागच्या. शुक्रवार आणि रविवारी रस्सा करतात, अकराच्या आत सांगावं लागतं.’ दोघांनी त्यावर फोन ठेवून दिला. एकाने दोन डबे घेतले, आणि आता दर रविवारी घेतो. रस्सा अजूनही दहा डब्यांच्या वर जात नाही. त्यांचा हात तीस माणसांचा आहे. मी हे विसरणार नाही.

बाकीचं सांगायचं तर लाल-हिरवं दोन्ही बटणं काढली. रात्री साडेआठला फोन मराठीत बोलतो, ‘उद्या भाकरी किती?’ आणि ती तोंडानेच आकडा सांगते, हात पिठात असले तरी चालतं. खाड्याची फुली दोघांना दिसते. तारे गेले, चिठ्ठी आली, ती फक्त त्या घरालाच वाचता येते. सिस्टरांचे ‘वरचे’ दोन डबे धरले. डब्यांना रंग दिले, आत्याचा जांभळा. नोंदणीचे तिन्ही अर्ज मी भरले, कराचा सल्ला घेते आहे, आणि तोवर कोणाकडूनही एक रुपया घेत नाहीये. पंचांग अजून जमलेलं नाही, संकष्टीला चंद्रोदयाची वेळ गावाप्रमाणे बदलते ते घालायचं राहिलंय.

सोमवारी आत्याने रात्री सांगितलं होतं, चोवीस भाकरी, सहा डबे पोळीचे, दोन वरचे. सव्वाबाराला शेवटचा डबा गेला आणि पाटी लागली. बारा चाळीसला कोणीतरी ॲप उघडून तिचं पान पाहिलं, ‘आजचं झालं’ वाचलं आणि शेजारच्या काकूंकडचा डबा घेतला. मला ते माझ्या स्क्रीनवर दिसलं. मी वळून बघितलं तर आत्या ताट वाढून घेऊन बसली होती, भाकरीवर लोणी होतं, आणि फोन कणकेच्या डब्याला टेकून गप्प होता.